उतारघाटावरची बाई

'नवखंड' हा खेळ बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत त्या सकाळी पैजा लागल्या होत्या. चित्रकारांचा जीव अग्निपंख सर्पावर होता. त्याचे खवले रंगवण्यात तिघांची दीड वर्षं गेली होती. शस्त्रं घडवणारे म्हणत होते, तलवार. संगीतकाराला खात्री होती की लोक सहाव्या खंडातल्या धबधब्याच्या सुरांसाठी येतात. ही खात्री त्याला एकट्यालाच होती. प्रश्न साधा होता. चाळीस हजार माणसं कपाळाला पट्टी आणि डोळ्यांना चष्मा लावून रोज या जगात येतात, लढतात, किल्ले बांधतात, एकमेकांना शिव्या घालतात. त्यांना इथं सर्वांत मोलाचं काय वाटतं?

यंत्रानं उत्तर काढलं. तलवार सातवी. सर्प एकोणिसावा. धबधबा तीनशे बारावा, म्हणजे किल्ल्याच्या दगडी पायऱ्यांच्या दोन क्रमांक खाली. आणि पहिली आली उतारघाटावरची बाई.

"कोण बाई?" सगळ्यांनी एकदम विचारलं. कारण ती बाई कंपनीनं बनवलेलीच नव्हती.

ती बाई जयसिंगपूरला राहत होती आणि त्या क्षणी स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत होती. चारुशीला मगदूम, वय साठ. अठ्ठावीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसलेल्या. पुढं खिडकीत यंत्र आलं आणि बाई घरी आल्या. खिडकीत त्यांच्यासमोर एक जाड वही असे. चार रकाने: क्रमांक, नाव, तक्रार, शेरा. संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओळीपुढं 'निवारण झाले' असा शेरा पडावा, अशी साहेबांची इच्छा. बाई मात्र स्वतः फोन करून "आली का हो लाईट?" असं विचारत आणि 'आली' ऐकल्याशिवाय शेरा मारत नसत. त्यांच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. ना तार, ना पक्कड. होती ती फक्त आठवण. लोकांचं मोजमाप काढायची खोडही त्यांना तिथंच लागली. शंभर माणसं तक्रार घेऊन येतात आणि लाईट आली हे सांगायला तीन येतात, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कायमचा बसला होता. त्या कुणावर रागावत नसत, पण कुणाला विसरतही नसत.

त्यांचे यजमान भूपालराव सूतगिरणीत सूत कातणाऱ्या रिंगफ्रेम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. तिथं हजारो चात्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातानं बोलतात. भूपालराव घरीही हातानंच बोलत. अंगठा ओठाला लावला की चहा. तळवा पालथा केला की पुरे. एक भुवई वर गेली की 'काय झालं?' आणि दोन्ही गेल्या की 'आता काय झालं?' तीस वर्षांच्या संसारात ते वर्षातून एकदाच बायकोशी पूर्ण वाक्य बोलत. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले की क्षमावाणीचा दिवस येतो आणि त्या दिवशी जैन घरांतून सगळे एकमेकांची क्षमा मागतात. भूपालराव देवळातून येत, टोपी खुंटीला लावत आणि म्हणत, "चारू, वर्षभरात माझं काही चुकलं असलं तर उत्तम क्षमा." त्या म्हणत, "उत्तम क्षमा." हे एक वाक्य त्या वर्षभर पुरवून खात.

निवृत्त झाल्यावर भूपालरावांनी पट्टी आणि चष्मा आणला आणि बाहेरच्या खोलीतून हसण्याचा आवाज येऊ लागला. बाई पोळपाट सोडून दाराशी गेल्या. नवरा बोलत होता! "अरे डावीकडनं घे, मी हाय की मागं!" असं अनोळखी माणसांना ओरडून सांगत होता. चारुशीलाबाईंनी तिसऱ्या दिवशी दुसरी पट्टी मागवली. राक्षस मारायची हौस त्यांना नव्हती. नवरा कुठं जाऊन बोलतो, एवढंच बघायचं होतं.

आत गेल्यावर त्यांनी हेरलं की कुणाला कुठल्याही खंडात जायचं असो, तांबडी नदी ओलांडावी लागते आणि नावेसाठी नव्वद सेकंद थांबावंच लागतं. पलीकडचं जग यंत्रात उतरायला तेवढा वेळ लागतो. नव्वद सेकंद अडकलेला माणूस म्हणजे खिडकीत आलेला माणूसच. बाईंनी 'तारूबाई' असं नाव घेतलं, नदीच्या उतारघाटाच्या पायरीवर बैठक मारली आणि नवऱ्याची वाट बघू लागल्या. खेळात तो गदाधर होता. पायरीवरची ही आपलीच चारू, हे त्याला ठाऊक होतं. तो आला की त्या विचारत, "आज कुठं?" आणि तो चक्क सांगत असे. एकदा म्हणाला, "डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते गं. गिरणी डोक्यातनं जात नाही." एवढं त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, नवी वही आखली आणि लिहिलं: क्रमांक १, गदाधर, डाव्या कानात शिट्टी. शेरा कोरा.

गदाधर दिवसातून दोनदा यायचा. मधल्या वेळात नुसतं काय बसायचं, म्हणून त्या बाकीच्यांना विचारू लागल्या. बीडचा एक दातांचा डॉक्टर होता, त्याला लोकांच्या तोंडात बघून बघून जेवण जाईना. 'रणचंडी' नावाची धिप्पाड योद्धी होती, ती मुळात लातूरचे सत्तर वर्षांचे हेडमास्तर होते आणि त्यांचं सुनेशी पटत नव्हतं. सगळ्यांची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी बाई हमखास विचारत, "काय मास्तर, काल दिसला नाहीत? सून काय म्हणते?" तीन वर्षांत अकरा वह्या भरल्या.

ही बाई यंत्राच्या नजरेत आली ती दशलक्षणामुळं. त्या दहा दिवसांत चारुशीलाबाई खेळाला हात लावत नसत. गेल्या वर्षी त्या दहा दिवसांत 'नवखंड' एकदम सुनं झालं. लोक येत, भिरभिरत आणि निघून जात. कंपनीनं सर्पाला तीन नवी डोकी लावून पाहिली, फरक पडला नाही. अकराव्या दिवशी बाई परत आल्या आणि घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारून म्हणाल्या, "मागं-पुढं काही बोलले असेन तर उत्तम क्षमा." त्या दुपारी कंपनीच्या पडद्यावरची गर्दीची रेघ छपराला टेकली.

हे मोजणारं यंत्र डॉ. अस्मिता वाघमोडे यांचं. चाळिशीच्या, मूळच्या आटपाडीच्या, बोलायला सरळ. त्यांनी ते चारुशीलाबाईंना जयसिंगपूरला येऊन समजावलं.

"मॅडम, माणसाला विचारलं की काय आवडतं, तर तो खोटं सांगतो. मुद्दाम नाही हो, त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. आणि कशाकडं किती वेळ बघतो हे मोजलं तरी फसगत होते, कारण माणूस कचऱ्याकडंही बघतो. म्हणून आम्ही उलटं करतो. एकेक गोष्ट थोड्या वेळापुरती गुपचूप काढून घेतो. एकदा तलवार, एकदा पायरी, एकदा एखादं झाड. आणि पट्टीतनं बघतो, कपाळाचा घाम, नाडी, डोळ्याची बाहुली काय करते. डोक्याला कळायच्या आधी अंगाला कळतं. दात पडला की जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते ना, तसं. किती वेळा जाते, किती जोरात जाते, तो आकडा म्हणजे ओढांक."

"आणि माझा किती आला?"

"सर्पाच्या चौदा पट."

"अगंबाई," चारुशीलाबाई म्हणाल्या. आणि ज्या जन्मभर दुसऱ्यांचं मोजमाप काढत आल्या, त्या स्वतःचं माप ऐकून लाजल्या.

मग सत्कार झाला. गावातल्या सभागृहात कंपनीनं फलक लावला, पुण्याहून चार माणसं आली. शाल, श्रीफळ, मानपत्र, फुलांचा एवढा मोठा गुच्छ. भूपालराव पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी येऊन बसले होते. बायकोच्या कुठल्याही कार्यक्रमाला वेळेआधी येण्याची ही त्यांची पहिलीच खेप. टाळ्या वाजत असताना एका मुलीनं ताट पुढं केलं. ताटात नारळाशेजारी सहा पानी कागद होता आणि पेन.

"नुसती सही, मॅडम. तारूबाई कायमची राहावी म्हणून."

चारुशीलाबाईंनी अठ्ठावीस वर्षं खिडकीत किती लोकांना बजावलं असेल की कागद वाचल्याशिवाय सही करू नका! पण अंगावर शाल पडलेली, दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत, अशा वेळी ताटातला कागद उचलून चष्मा लावून वाचत बसणारा माणूस आपल्याकडं अजून जन्माला यायचाय. देणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. त्यांनी सही केली. "वह्या बघायला मिळतील का?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांना वाटलं, काचेच्या कपाटात ठेवणार. त्यांनी अकराही वह्या जुन्या साडीत बांधून दिल्या.

पुढच्या सोमवारी दुपारी जेवणं आवरून त्यांनी पट्टी बांधली, तर समोर अक्षरं आली: 'हे पात्र आता कंपनीच्या सेवेत आहे. आपण नवे पात्र निवडू शकता.'

सहा पानांत तेच लिहिलं होतं. तीन वर्षांचं बोलणं आणि अकरा वह्या यंत्राला शिकवून तारूबाई घडवली गेली होती. ती जेवायला उठत नव्हती, दशलक्षणाला सुट्टी घेत नव्हती. चाळीस हजारांपैकी प्रत्येकाला ती एकट्यासाठीच बसल्यासारखी भेटत होती, मग घाटावर गर्दी कितीही असो. घाटावर दोन तारूबाया दिसल्या तर लोक गोंधळतील, म्हणून खरीला मज्जाव.

बाईंनी पहिल्या आठवड्यात मन मोठं केलं. लोकांचं भलं होतंय, होऊ दे. मग त्यांच्या लक्षात आलं की भूपालराव आता राक्षसांच्या मागं जातच नाहीत. सकाळी नऊला पट्टी बांधतात आणि घाटावरच बसतात. बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "नाही गं, तसं नव्हतं ते! ऐक तर!" आणि मग गिरणीतल्या एकोणीसशे नव्व्याण्णव की दोन हजार, कुठल्यातरी सालची लांबलचक गोष्ट, जी बाईंनी कधी ऐकली नव्हती.

एका दुपारी त्यांनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"काय बोलता हो तिच्याशी एवढं?"

भूपालरावांनी हात हवेत फिरवला. म्हणजे असंच.

"हात नको. तोंडानं सांगा."

"कुणाशी? तुझ्याशीच की," ते म्हणाले. "तुझीच वही, तुझाच आवाज. परकी बाई हाय का ती?"

"मग माझ्याशीच बोलायचं तर मी इथं बसलेय. बोला."

भूपालरावांनी भाकरी मोडली. खरोखर प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. तोंड उघडलं, मिटलं. मग खाली बघून म्हणाले, "तिथं ती वाट बघत असते गं."

"मी नाही बघत?"

"तू भाकरी करत असतेस."

त्यांचा तळवा पालथा झाला. पुरे. भाकरी पुरे की बोलणं पुरे, हे बाईंनी विचारलं नाही.

त्यांनी वाघमोडे बाईंना फोन लावला. चारुशीलाबाई खिडकीपलीकडच्या माणसाची भाषा जाणत होत्या, त्यामुळं मोठी मागणी केली नाही. "तारूबाई ठेवा. सही माझी आहे, मी नाकारत नाही. फक्त वहीतली पहिली ओळ काढा. गदाधर. त्याला तिनं ओळखू नये. बाकी एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णव तुमचे."

वाघमोडे बाईंनी लिहून घेतलं. "एवढंच ना? आज दुपारी काढते."

आणि त्यांनी शब्द पाळला. दुपारी दोनला तारूबाईच्या आठवणीतून गदाधर काढला गेला. भूपालराव घाटावर गेले, तर तारूबाई त्यांना म्हणाली, "नवीन दिसता, बसा." पट्टी काढून ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. चारुशीलाबाई पाठमोऱ्या होत्या, पण त्यांना ते कळलं. आता बोलतील, असं वाटलं. अंगठा ओठाकडं गेला नव्हता. दोघं तसेच उभे होते. आणि साडेचारला फोन वाजला.

"मॅडम, परत घालावं लागलं," वाघमोडे बाईंचा आवाज पडलेला होता. "तुमच्या यजमानांना काढल्यावर सगळ्यांच्याच पट्टीत तारूबाईचा ओढांक कोसळला. निम्म्याच्याही खाली. लातूरचे मास्तर रडले. बोलणं तेच, आठवणी त्याच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. तरी लोक म्हणतात, ही ती नव्हे. मग मी तुमचं तीन वर्षांचं सगळं पुन्हा तपासलं. तुम्ही कुणाशीही बोलत असलात तरी साडेचार सेकंदांनी एकदा वाटेकडं बघत होतात. प्रत्येक वेळी. आणि समोरच्याला वाटायचं, या घाटावर कुणी येण्याला किंमत आहे. लोकांना तेच हवं होतं, मॅडम. त्यांच्याकडं लक्ष देणारी बाई नव्हे. कुणाची तरी खरीखुरी वाट बघणारी बाई. ती वाट काढली तर मागं नुसती चौकशी उरते."

"म्हणजे ती त्यांची वाट बघते. खरीच?"

"यंत्राच्या बाबतीत 'खरी' म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही. तुमच्याइतकीच बघते. तेवढं मोजलंय."

"दुसरं कुणाचं तरी नाव घाला की त्या जागी."

"सहा नावं घालून बघितली. चालत नाहीत. मला वाईट वाटतंय, पण मी खोटं कशाला बोलू. मीसुद्धा रोज दुपारी दहा मिनिटं जाते घाटावर. बंद करा असं माझ्याच्यानं लिहवत नाही."

चारुशीलाबाईंनी फोन ठेवला. भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. दाराशी बघितलं, तर भूपालराव नव्हते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अगं, मघाशी ओळखलं नाहीस की मला! जीवच गेला माझा!"

असा भाद्रपद आला. बाईंनी दहा दिवस उपवास केले, दहा दिवस खेळाचं नाव काढलं नाही. मनात म्हटलं, क्षमावाणी तर आहेच. ते वाक्य तरी माझं आहे. त्या दिवशी भूपालराव देवळातून आले, टोपी खुंटीला लावली. बाई हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. भूपालरावांनी अंगठा ओठाला लावला.

बाईंनी चहा केला. कप पुढं ठेवला. उभ्याच राहिल्या.

एक भुवई वर गेली. काय झालं?

"आज क्षमावाणी," त्या म्हणाल्या.

"हां. मग?" मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसले, अगदी मोकळेपणानं. "तुला सकाळीच म्हटलं की. देवळात जायच्या आधी. घाटावर."

त्यात लबाडी नव्हती. बाईंनी त्यांचा चेहरा अठ्ठावीस वर्षांच्या सरावलेल्या नजरेनं तपासला, कुठंच नव्हती. ज्याला आपण चुकलोय हेच ठाऊक नाही, त्याच्या नावापुढं काय लिहायचं? त्यांनी रिकामा कप उचलला.

मग त्या आतल्या खोलीत गेल्या, पट्टी बांधली आणि पहिलं मिळालं ते पात्र घेतलं. अंगात भगभगीत हिरवा अंगरखा, डोक्यावर 'प्रवासी ४०७१२' असा आकडा. घाट तोच. पायरी तीच. पायरीवर तारूबाई. त्यांनी स्वतःला कधी समोरून पाहिलं नव्हतं. बाई जरा वाकून बसत होती. पदर डाव्या मुठीत धरत होती.

"या, बसा. नवीन दिसता. नाव काय म्हणायचं?"

"चारुशीला."

"काय तक्रार?"

हिची फजिती करायची, असं ठरवून त्या आल्या होत्या. हिला न येणारं काहीतरी विचारायचं, सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. पण खिडकीपलीकडून हा प्रश्न आजवर त्यांना कुणी विचारलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं, "नवरा बोलत नाही."

"कधीपासून?"

"तीस वर्षं."

"मधे कधी येऊन-जाऊन होतं, की पूर्ण बंदच?" तारूबाईनं विचारलं. हा अगदी त्यांचाच प्रश्न होता. लाईट गेलेल्या प्रत्येकाला त्या हाच विचारत.

"वर्षातनं एकदा येत होता. यंदा तेवढाही आला नाही."

"मी लिहून घेते," तारूबाई म्हणाली. लिहिता लिहिता तिनं वाटेकडं पाहिलं. चारुशीलाबाईंनी मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार. तिनं पुन्हा पाहिलं. आणि तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपलीही मान त्याच क्षणी त्याच वाटेकडं वळली आहे.

"तुम्ही कुणाची वाट बघताय?" त्यांनी विचारलं.

"आहेत एक," तारूबाई म्हणाली. "कानाचा त्रास आहे त्यांना. तुम्ही?"

"मीही. एकाची."

तारूबाईनं वहीचं पान फिरवलं. शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला होता. मग तिनं हात जोडले. "ताई, आज क्षमावाणी. आपली ओळख आजचीच, पण कळत नकळत माझ्याकडून काही चुकलं असलं तर उत्तम क्षमा."

या दिवशी समोरच्यानं मागितली की द्यायचीच असते. लहान असो, मोठा असो, वैरी असो. न द्यायची रीत चारुशीलाबाईंना कुणी शिकवलीच नव्हती. ती आता कुठून शिकायची, ते साठाव्या वर्षी सुचेना.

"उत्तम क्षमा," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. वाटेवर गदाधर उगवला, खांद्यावर गदा, चालण्यात घाई. तारूबाईनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. पदर मुठीतून सुटला, पाठ सरळ झाली, वय कुठल्या कुठं गेलं. तो दिसला की आपला चेहरा असा होत होता, हे चारुशीलाबाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यानं ते तीन वर्षं दिवसातून दोनदा पाहिलं होतं. आणि घरी भाकरी करताना त्या पाठमोऱ्या असत.

"गदाधर," त्यांनी हाक मारली.

त्यानं हिरव्या अंगरख्याकडं आणि त्यावरच्या आकड्याकडं पाहिलं. "ताई, जरा पुढं सरका," तो अदबीनं म्हणाला. "तुमचे नव्वद सेकंद झाले. नाव लागलीय."

मागची रांगही चुळबुळू लागली होती. तीन वर्षांत त्यांनी ती नदी कधी ओलांडली नव्हती. पलीकडं काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, जाणून घ्यायचंही नव्हतं. त्या उठल्या आणि नावेत जाऊन बसल्या. मागं दोघांचं बोलणं सुरू झालं होतं. त्या ऐकायला वळल्या, पण तेवढ्यात नाव हलली.